खिडकीची जागा तुझी

मनू, तू पाठवलेला ताडोबाच्या सहलीचा तक्ता बघितला. तारखा, किलोमीटर, टोल, हॉटेलं, सगळं व्यवस्थित आहे. शेवटचा रकाना 'जबाबदारी'चा. त्यात पेट्रोल आणि टायरसमोर निखिलचं नाव, आणि बुकिंग, बॅगा, डबे, औषधं, ईशानचे स्वेटर, सासूबाईंची उशी, आल्यावरचं धुणं या सगळ्यांसमोर 'मी'. अगं, सहलीला चालली आहेस की घरचं कार्य काढलंयस? वाघ समोर आलाच तर त्या क्षणी तू वाकून कुणाची तरी टोपी शोधत असशील.

हे मी उगाच नाही म्हणत. आपल्याकडच्या किती बायकांना विचारलंय, की जंगलात काय पाहिलं. 'हे म्हणाले वाघ होता' असं उत्तर मिळतं. म्हणून तुला आधीच सांगून ठेवते, या सहलीत तुला खिडकीतून बाहेर बघता आलं पाहिजे. पुढे जे काही सांगणार आहे ते त्याच हिशोबानं ऐक.

पहिली गोष्ट, तू सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली आहेस. आधी हॉटेल, मग रस्ता, मग सफारी असा क्रम लावलायस. ताडोब्याला क्रम उलटा लागतो. सफारीचा परवाना हातात आल्याशिवाय बाकी कशालाच अर्थ नाही. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, आपली गाडी नेता येत नाही, नोंदणी केलेली जिप्सी घ्यावी लागते, आणि एका दारातून एका वेळी ठरावीकच जिप्स्या आत सोडतात. सुट्ट्यांच्या दिवसांतल्या जागा महिनोन्महिने आधी संपतात. त्यामुळे वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर जागा बघायची, मिळेल ती तारीख पकडायची आणि मग निखिलच्या रजेचा अर्ज. 'आपल्या ओळखीचा माणूस आहे, ऐन वेळी करून देतो' म्हणणाऱ्यांना हात जोड. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साईट असतात, आगाऊ पैसे घेऊन फोन न उचलणारे असतात. बुकिंगला ज्याचं नाव नि ओळखपत्राचा नंबर, तोच माणूस आत जातो. मूळ ओळखपत्र आणि परवान्याची छापील प्रत जवळ ठेव. आधार फोनमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, कारण कोअरमध्ये पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही. कॅमेरा चालतो. तुझ्यासाठी हा नियम म्हणजे वरदानच, चार तास कुणी 'ऑफिसचा फोन' म्हणू शकणार नाही.

दार कुठलं घ्यायचं हे ठरल्यावरच मुक्कामाची जागा शोध. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूनं. मध्ये कोअरचंच सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं रान पसरलंय. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एका रिसॉर्टवाल्यानं 'ताडोब्याला अगदी लागून' म्हणून खोली दिली होती. लागून होती खरी, पण त्यांची सफारी होती पलीकडच्या दाराची. बाहेरून वळसा घालून जायला दोन तास सहज लागतात. पहाटे साडेपाचला दारात हजर राहायचं तर उठायचं कधी, तूच हिशोब कर. तुम्ही पहिल्यांदाच जाताय, बरोबर सासूबाई आहेत, तर मोहर्ली घ्या. चंद्रपूर जवळ आहे. औषधाचं दुकान, दवाखाना, मेकॅनिक, सगळं तासाभराच्या आत.

आता तारखा. तू मे महिना लिहिलायस. मे महिन्यात वाघ दिसण्याची शक्यता जास्त हे खरंच आहे, कारण पानगळ झालेली असते आणि जनावरं पाणवठ्याला धरून असतात. पण चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते पुण्यात बसून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जिप्सी असते उघडी. दुपारच्या फेरीला लोखंडी दांड्याला हात लावला की चटका बसतो. सासूबाईंचं बीपी आणि ईशानचा घोळणा फुटणं लक्षात घेता मे नकोच. दिवाळीच्या सुट्टीत रान हिरवंगार असतं, हवा छान, पण गवत माणसाच्या कमरेएवढं, आणि गर्दी जत्रेची. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंदच.

मला विचारशील तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. पहाटे गारठा असतो, पण बोचत नाही. पळसाला फुलं आलेली असतात, सागाची पानं गळून नजर लांबवर जाते. ईशानची चार-पाच दिवस शाळा बुडेल. बुडू दे. तिसरीतल्या मुलाचं काय अडतंय? बाईंना खरं कारण सांग, तापाची चिठ्ठी लिहू नकोस. आठवड्याच्या मधले दिवस घे. शनिवार-रविवारी दर जास्त आणि गाड्यांची झुंबड. मंगळवारी कोअर बंद असतं, तर तोच दिवस प्रवासात घाल. मंगळवारी पहाटे पुणं सोडायचं, वर्ध्याला मुक्काम, बुधवारी दुपारी मोहर्ली.

सफाऱ्या किती, यावरून तुझं नि निखिलचं जुंपलंय असं आई म्हणाली. त्याला सहा हव्यात. त्याला म्हणावं, ताईनं तीन सांगितल्यात. पोचलात त्या दुपारी बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली, एक, मग दोन सकाळी कोअरच्या. बफर म्हणजे दुय्यम असं समजू नकोस. आगरझरी, देवाडा, जुनोना या बाजूलाही वाघ फिरतोच, त्याला कुठे कोअर-बफरची रेघ माहीत आहे? शिवाय पहिली फेरी बफरमध्ये झाली की जिप्सीत बसायचं कसं, धूळ किती, गारवा किती याचा अंदाज येतो. रोज दोन-दोन फेऱ्या केल्या की तिसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात आणि जिप्सीत बसून डुलक्या काढतात. हजारो रुपये मोजून जंगलात झोपलेली माणसं मी पाहिलीत.

आणि तीनपैकी एका फेरीला सासूबाई खोलीवर थांबतील असं धरून चाल. चार तास जिप्सीचे धक्के साठीच्या पुढे सोपे नाहीत. त्यांच्याबरोबर कोण थांबणार? इथे तू लगेच 'मी थांबते' म्हणशील. म्हणायचं नाही. त्यांचा मुलगा थांबेल. माय-लेकांना निवांत गप्पा मारायला कधी मिळतं? असं म्हटलंस तर सासूबाईंनाही गोड वाटेल आणि निखिललाही नाही म्हणता येणार नाही.

रस्त्याचं मात्र जरा नीट ऐक, कारण जंगलापेक्षा जास्त धोका मला रस्त्यात वाटतो. पुणं ते संभाजीनगर सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहे, आणि त्यातला वाघोली-शिक्रापूर-रांजणगावचा पट्टा तुझं रक्त आटवतो. पहाटे पाचच्या आत घर सोडलंत तर तो सकाळच्या ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या आधी मागे पडतो. संभाजीनगरला समृद्धी महामार्गाला लागायचं. जालना, बुलढाणा, वाशीम, अमरावती असे जिल्हे ओलांडत वर्ध्याजवळ उतरायचं. आता तो मुंबईच्या बाजूनं पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झालाय, ७०१ किलोमीटर. २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा तुकडा उघडला. आपल्याला त्यातला पूर्वेकडचा निम्म्याहून जास्त रस्ता वापरायचाय.

रस्ता गुळगुळीत आहे, आणि भीती त्याचीच आहे. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही, समोर तासन्‌तास तेच पांढरं काँक्रीट. चालवणाऱ्याचे डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपतो. कारला १२० ची मर्यादा आहे, पण शंभरवर चालवायचं, असं निखिलला तू सांगू नकोस, तुझे भावोजी सांगतील. त्यांचं ऐकतो तो. दर दीड-दोन तासांनी थांबायचंच, कुणाला लागलेली असो वा नसो. दुपारी जेवण झाल्यावरचा तास सगळ्यांत वाईट, तेव्हा स्टिअरिंग तू घे. हो, तूच. लायसन्स काय कपाटात ठेवायला काढलंयस? चालवणारे दोघं असले की कुणीच दमत नाही, आणि तू चालवत असताना मागे 'आई, पाणी', 'आई, चिप्स' हे आपोआप निखिलकडे वळतं.

टायरकडे दुर्लक्ष करू नका. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगानं जाताना जुनं टायर फुटतं, तिथले कितीतरी अपघात तसेच झालेत. निघायच्या आठवड्यात टायर दाखवून घ्या. नक्षी झिजलेली असेल किंवा टायरला पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदला. हवा गाडी थंड असताना भरा. स्टेपनीतही भरा, ती सगळेच विसरतात. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, तिथे जिथे उतराल तिथपर्यंतच्या अंतराचा टोल कापतात. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही.

आणि आपल्या बायकांचा प्रश्न. समृद्धीवर सोयी अजून विरळ आहेत. स्वच्छ स्वच्छतागृह दिसलं की गरज असो-नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. 'पुढचं बघू' म्हणायचं नाही. सासूबाई संकोचानं पाणीच पीत नाहीत प्रवासात, हे तुलाही माहीत आहे. त्यांना पाणी पाजायची जबाबदारी ईशानला दे, आजीला त्याला नाही म्हणताच येत नाही. पाळीची तारीख कॅलेंडरवर बघूनच सफारीची तारीख घे. जमलंच नाही तर ती पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. आत चार तास आहेत, खाली उतरता येतं ते एखाद्या ठरावीक ठिकाणीच. गाईडला आधी विचारून ठेव, यात लाजायचं काही नाही.

वर्ध्याला पाच वाजेपर्यंत पोचलात की दिवस पदरात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्राम बघा. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, बापू कुटी अजून मातीच्या भिंतींची आहे. ईशानला तिथे तासभर मोकळा सोड. निघताना वर्ध्याचा गोरसपाक घ्या, दोन पुडे तरी, एक गाडीतच संपतो. मग जाम, वरोरा, भद्रावती असा रस्ता. वरोऱ्याला आनंदवन आहे, बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं. तिथल्या लोकांनी विणलेल्या सतरंज्या नि चादरी मिळतात. पण घाईघाईनं दहा मिनिटं डोकावायचं ते ठिकाण नाही. बुधवारी दुपारची सफारी असेल तर सेवाग्राम किंवा आनंदवन, दोन्हींतलं एकच धर.

चंद्रपूर सोडलं की मोहर्लीचा रस्ताच बफरमधून जातो. तिथे चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, काचा वर, आणि फोटोसाठी, कशासाठीच, गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. अंधारात तो रस्ता करायचाच नाही. पुढे जंगलातल्या रस्त्याला जुने दगडी खांब दिसतील, गोंड राजांच्या काळातले. राजाची स्वारी निघाली की त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवत खबर पुढे पोचवत, असं तिथली माणसं सांगतात. ईशानला खांब मोजायला लाव, तेवढाच वेळ तो गप्प बसेल.

सामानाचं काय सांगू? तुझी यादी दीड पानाची आहे. चकल्या, शंकरपाळे, तीन प्रकारचे लाडू. घरात चार माणसं नि फराळ पंगतीचा. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे, बास. तिथे जेवण उत्तम मिळतं. भाकरी, झुणका, पाटवडी रस्सा, आणि तिखट मात्र जपून, सासूबाईंसाठी 'कमी तिखट' असं दोनदा सांग. कपडे मातकट, हिरवट, खाकी. ती पांढरी चिकनकारी कुर्ती पुण्यातच राहू दे. भडक रंग नकोत, अत्तर-बॉडी स्प्रे नको. एक मोठी सुती ओढणी प्रत्येकाला. तोंडावरून घेतली की धूळ थांबते, संध्याकाळी ती तांबूस झालेली दिसेल तेव्हा कळेल की काय काय नाकात जाणार होतं. पहाटेसाठी कानटोपी आणि जाड जाकीट, फेब्रुवारीतसुद्धा, कारण उघड्या गाडीत वारा कापतो. बीपीच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवायच्या नाहीत, सासूबाईंच्या पर्समध्येच. आणि ज्याची बॅग त्यानं भरायची, ईशाननंसुद्धा. विसरला काही तर विसरला. चार दिवस एका स्वेटरवर काढले म्हणून कुणी मरत नाही.

जिप्सीत कोण कुठे बसणार हे दारातच ठरव. मागच्या दोन ओळींत सहा जण बसतात. सगळ्यांत मागची ओळ उंच असते, तिथून दिसतं छान पण आदळतंही तिथेच जास्त. सासूबाई पुढच्या ओळीत, मध्ये. ईशान त्यांच्या शेजारी. तू मागे कडेला. तुम्ही चौघंच आहात, उरलेल्या दोन जागांवर ओढण्या-पाण्याच्या बाटल्या ठेव, मांडीवर काही घेऊ नकोस. हात मोकळे राहू देत.

मोहर्लीला तिथल्याच गावांतल्या बायका गाईड म्हणून काम करतात. मिळाली तर नशीब समज. त्यांचं बोलणं ऐक. धुळीच्या वाटेवर जिप्सी थांबवून एक जण मला ठसा दाखवत होती. मला नुसता पंजा दिसत होता, तिला त्याची वेळ दिसत होती. टायरची नक्षी खाली आणि पंजा तिच्यावर उमटलेला, म्हणजे आधीची गाडी गेल्यानंतर वाघ इथून चाललाय. पंजावरून टायर गेला असता तर शिळा. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, त्यात काडीकचरा पडला नव्हता. मग तिनं इंजिन बंद करायला लावलं आणि आम्ही नुसते ऐकत बसलो. आधी वानर खाकरलं. त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता, वानर बिबट्या बघूनही ओरडतं, कधी उगीचही घाबरतं. मग बांबूच्या बेटापलीकडून सांबर ओरडलं, एकदाच, भोंग्यासारखं. तेव्हा तिनं बोट वर केलं. सांबर सहसा खोटं बोलत नाही म्हणे. वाघ त्या दिवशी बाहेर आला नाही, तो बांबूतूनच निघून गेला. पण ती वीस मिनिटं मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आठवतात.

म्हणून ईशानला 'वाघ दाखवायला नेतोय' असं सांगू नकोस. 'जंगल बघायला' सांग, आणि त्याला कामं दे. अस्वलानं उकरलेलं वारूळ शोध, सागाच्या खोडावर वाघानं ओढलेल्या नखांच्या खुणा किती उंच आहेत ते बघ, तलावाकाठी मगर दिसते का बघ. ताडोबा तलावात मगरी आहेत, काठावर ओंडक्यासारख्या पडलेल्या असतात. तिथेच तारूचं ठाणं आहे. गावचा प्रमुख तारू वाघाशी झुंजत मेला, त्याचा देव झाला, आणि त्याच्यावरून जंगलाला नाव पडलं अशी तिथल्या आदिवासींची कथा आहे. सासूबाईंना ही कथा गाईडकडून ऐकू दे, त्या सफारीत त्यांचा जीव रमेल. रानकुत्र्यांचं टोळकं दिसलं तर नशीब समज. मला विचारशील तर शिकारीला निघालेले रानकुत्रे हे झोपलेल्या वाघापेक्षा दसपट बघण्यासारखे असतात, पण हे निखिलला पटणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी कडक आहे. ड्रायव्हरला 'वाघ दाखवा, खूश करू' असं म्हणायचं नाही, आणि निखिललाही म्हणू द्यायचं नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या बछड्यांसकट जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं, आठवतंय ना? त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शिक्षा गाईड नि ड्रायव्हरला झाली, पण त्यांना पुढे घ्या-पुढे घ्या करणारे मागच्या सीटवर होते. समोर गाड्यांचा जमाव दिसला तर तू ड्रायव्हरला सांग, आपण लांबच थांबू. तुला कमी दिसेल, चालेल.

आणि परतताना गावातून जाल तेव्हा ईशानला हेही कळू दे, की हा वाघ इथल्या लोकांच्या परसात राहतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातले कितीतरी एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला बाया वाकलेल्या असतात, मग तेंदूपत्ता येतो, आणि दर वर्षी काही घरी परतत नाहीत. आपण वाघ दिसला म्हणून पेढे वाटतो. चहाच्या टपरीवर 'तुम्हाला रोजच दिसत असेल, मजा आहे' असलं काही बोलू नका. जेवण, चहा, मध, बांबूच्या वस्तू, जे काही घ्यायचं ते गावात घ्या, घासाघीस न करता.

परतीचा रस्ता एका दमात करू नका. दमलेल्या माणसांनी समृद्धीवर रात्र काढणं हे वेड आहे. मेहकरला उतरून लोणारला मुक्काम करता येतो. उल्केच्या आघातानं झालेलं ते सरोवर ईशाननं पाहायलाच हवं. पण सासूबाईंना शेगाव हवं असणार, हे मी लिहून देते. वाट वाकडी होते खरी, तरी तू आधीच स्वतःहून म्हण, 'आई, येताना गजानन महाराजांचं दर्शन घेऊन येऊ.' बघ कशा मे-फेब्रुवारीच्या वादात तुझ्या बाजूनं उभ्या राहतात. लोणार आणि शेगाव दोन्ही एकाच दिवसात कोंबू नकोस. लोणार पुढच्या वेळी.

मोहर्लीत एक अख्खी दुपार रिकामी ठेव. तक्त्यात तिच्यापुढे काहीही लिहायचं नाही. निखिल 'तेवढ्यात चंद्रपूरचा किल्ला उरकून येऊ' म्हणेल, त्याला ईशानसकट पाठवून दे. तू ओट्यावर पाय पसरून बस. इरई धरणाच्या पाण्याकडे पक्षी येतात-जातात, बघायचे तर बघ, नाहीतर झोप. घरी कुणी विचारलं, काय केलंस त्या दुपारी, तर 'काही नाही' म्हणायची लाज वाटून घेऊ नकोस.

आता तो तक्ता पुन्हा कर आणि जबाबदारीचा रकाना भरताना निखिलला शेजारी बसव. बुकिंग आजच बघ, फेब्रुवारीच्या जागा तुझ्यासाठी थांबणार नाहीत. दुर्बीण विकत घेऊ नकोस, माझी आठ-बाय-बेचाळीसची घेऊन जा. फक्त ती तुझ्या गळ्यात राहील, ईशानच्या नाही आणि निखिलच्या तर मुळीच नाही, या अटीवर देते आहे.